फिलिपिन्समधील कुटुंब नियोजन धोरण

फिलिपिन्समधील कुटुंब नियोजन धोरण म्हणजे लोकसंख्या, संततिनियमन व प्रजनन आरोग्य या विषयांत फिलिपिन्सच्या शासनाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेले कायदे, काढलेले आदेश व राबवलेले कार्यक्रम होत. २०२० च्या जनगणनेनुसार या देशाची लोकसंख्या सुमारे १० कोटी ९० लाख असून तिच्यातील जवळजवळ ७९ टक्के लोक रोमन कॅथलिक आहेत. कॅथलिक चर्चचा कृत्रिम गर्भनिरोधक साधनांना असलेला विरोध आणि लोकशाही शासनाची सार्वजनिक आरोग्याविषयीची जबाबदारी यांच्यातील संघर्ष हे या धोरणाचे प्रमुख वैशिष्ट्य आहे. २०१२ चा ‘जबाबदार पालकत्व व प्रजनन आरोग्य कायदा’ हा या धोरणाचा आजचा मुख्य आधार होय.

या देशात गर्भनिरोधक साधनांवर सरसकट बंदी नव्हती. १९६६ च्या एका कायद्याने गर्भनिरोधक औषधांची विक्री परवानाधारक औषध दुकानांतून व डॉक्टरांच्या चिठ्ठीवर करण्याची अट घातली. म्हणजेच ती विक्री कायदेशीर होती. वाद होता तो शासनाने ही साधने सरकारी दवाखान्यांतून पुरवावीत की नाही, याविषयी. परिणामी पैसे मोजून गोळ्या विकत घेऊ शकणाऱ्या स्त्रीवर सत्तांतराचा फारसा परिणाम होत नसे. सरकारी दवाखान्यावर अवलंबून असलेल्या गरीब स्त्रीला मात्र कोणत्या पद्धती उपलब्ध होतील, हे त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांच्या अथवा महापौरांच्या भूमिकेवर ठरत असे.

धार्मिक पार्श्वभूमी

सोळाव्या शतकापासून १८९८ पर्यंत फिलिपिन्सवर स्पेनची सत्ता होती आणि या काळात कॅथलिक धर्म तेथील समाजजीवनात खोलवर रुजला. पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ रोजी ‘ह्युमाने व्हिटे’ हे धर्मपत्र काढले. गोळ्या, निरोध, तांबी, नसबंदी यांसारखे उपाय त्यात नैतिकदृष्ट्या अस्वीकार्य ठरवण्यात आले. दोन मुलांमध्ये अंतर ठेवण्यास सबळ कारण असल्यास ऋतुचक्रातील गर्भधारणेची शक्यता असलेले दिवस टाळण्याची नैसर्गिक पद्धती मात्र ग्राह्य मानली गेली. त्यामुळे ‘जबाबदार पालकत्व’ ही संकल्पना चर्च व शासन या दोघांनाही मान्य असली, तरी तिचा अर्थ दोघे वेगवेगळा लावत आले.

मार्कोस यांचा कालखंड (१९६९–१९८६)

राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी १९६९ मध्ये लोकसंख्या आयोगाची स्थापना केली. १९७१ मध्ये लोकसंख्या कायदा संमत झाला व कुटुंब नियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम बनला. १९७२ मध्ये लष्करी कायदा लागू झाल्यानंतर राष्ट्राध्यक्षांच्या हुकमांद्वारे हा कार्यक्रम पुढे नेण्यात आला. प्राप्तिकरातील अपत्यांसाठीची सवलत चार अपत्यांपुरती मर्यादित करण्यात आली, तर विवाहाचा परवाना मागणाऱ्या जोडप्यांना कुटुंब नियोजनाची माहिती घेणे आवश्यक करण्यात आले. १९७३ च्या राज्यघटनेने राष्ट्रहितास पोषक अशी लोकसंख्येची पातळी राखणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले.

या धोरणाचा भर लोकसंख्येच्या आकड्यांवर होता आणि ते हुकूमशाही राजवटीशी जोडले गेले होते. या गोष्टीचा परिणाम पुढील काळात जाणवला.

१९८७ ची राज्यघटना

फेब्रुवारी १९८६ मधील जनआंदोलनाने मार्कोस यांची सत्ता संपुष्टात आली. मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल हाइमे सिन यांनी नागरिकांना रस्त्यावर येण्याचे केलेले आवाहन या आंदोलनात निर्णायक ठरले होते. साहजिकच कोराझॉन अक्विनो यांच्या शासनकाळात चर्चच्या मताला मोठे वजन प्राप्त झाले. १९८७ च्या राज्यघटनेतून लोकसंख्येच्या पातळीविषयीचे कलम वगळण्यात आले. नव्या घटनेने माता व गर्भधारणेपासूनचा अजात जीव या दोघांच्याही जीविताचे समान संरक्षण करण्याचे दायित्व राज्यावर टाकले. त्याचबरोबर आपल्या धार्मिक श्रद्धेनुसार व जबाबदार पालकत्वाच्या गरजेनुसार कुटुंब उभारण्याचा पतिपत्नींचा हक्कही मान्य केला. पुढील सर्व कायदेशीर वादांत दोन्ही पक्षांनी याच तरतुदींचा आधार घेतला.

कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम यानंतर आरोग्य विभागाकडे आला आणि लोकसंख्यावाढ रोखण्याऐवजी माता व बालकांचे आरोग्य हा त्याचा हेतू सांगितला जाऊ लागला.

बदलती धोरणे (१९९२–२०१०)

१९९२ मध्ये निवडून आलेले फिदेल रामोस हे देशाचे पहिले प्रॉटेस्टंट राष्ट्राध्यक्ष होत. त्यांचे आरोग्यमंत्री हुआन फ्लाव्हिएर यांनी गर्भनिरोधक साधनांचा व एड्सच्या प्रतिबंधासाठी निरोधचा उघड पुरस्कार केला. १९९४ च्या कैरो येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेपूर्वी कार्डिनल सिन यांच्या नेतृत्वाखाली मनिलामध्ये प्रचंड निषेध सभा झाली.

ग्लोरिया माकापागाल आरोयो (२००१–२०१०) यांच्या काळात राष्ट्रीय स्तरावर नैसर्गिक पद्धतींना प्राधान्य मिळाले. याच सुमारास अमेरिकेकडून मदत म्हणून येणारा गर्भनिरोधक साधनांचा पुरवठा टप्प्याटप्प्याने बंद झाला. अनेक वर्षे सरकारी दवाखाने याच पुरवठ्यावर अवलंबून होते. १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने आरोग्यसेवा प्रांत, शहरे व नगरपालिका यांच्याकडे सोपवल्या असल्याने साधने विकत घेण्याचा भार आता स्थानिक संस्थांवर पडला. ज्या संस्थांकडे निधी वा इच्छा नव्हती, तेथे पुरवठा खुंटला.

याचे सर्वांत ठळक उदाहरण खुद्द राजधानीत घडले. महापौर लितो आतियेन्सा यांनी २००० मध्ये काढलेल्या आदेशाद्वारे मनिला शहरात कृत्रिम पद्धतींच्या वापराला परावृत्त करण्याचे धोरण जाहीर केले. आदेशात स्पष्ट बंदी नव्हती. तथापि शहराच्या दवाखान्यांतून गोळ्या, निरोध व तांबी व्यवहारतः नाहीशा झाल्या. २००८ मध्ये काही गरीब रहिवाशांनी या आदेशाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचे निर्मूलन करणाऱ्या समितीनेही चौकशी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात स्त्रियांच्या हक्कांचे गंभीर व पद्धतशीर उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष समितीने काढला.

२००८ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातून या विषमतेचे स्वरूप दिसते. देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी होणाऱ्या अपत्यांची संख्या, ३.३ होता. सर्वांत श्रीमंत पंचमांश कुटुंबांत तो १.९, तर सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांत ५.२ होता. गरीब स्त्रियांना प्रत्यक्षात झालेली अपत्ये त्यांना हव्या असलेल्या अपत्यांपेक्षा सरासरी जवळजवळ दोनने अधिक होती.

२०१२ चा कायदा

प्रजनन आरोग्याविषयीची विधेयके १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून संसदेत मांडली जात होती आणि मंजुरीविना बारगळत होती. प्रतिनिधीगृहात एडसेल लागमान, तर सिनेटमध्ये पिया कायेतानो व मिरियम डिफेन्सर सांतियागो हे त्यांचे प्रमुख पुरस्कर्ते होते. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने विधेयकाला कडवा विरोध केला. परंतु सर्वसामान्य कॅथलिकांचे मत बिशपांच्या मताशी जुळणारे होतेच असे नाही. सोशल वेदर स्टेशन्स या संस्थेच्या २००८ च्या पाहणीत ७१ टक्के नागरिकांनी विधेयकास अनुकूलता दर्शवली. जेझुइट धर्मसंघ चालवत असलेल्या अतेनेओ दे मनिला विद्यापीठातील दीडशेहून अधिक प्राध्यापकांनी २०१२ मध्ये विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला. ‘इग्लेसिया नी क्रिस्तो’ हा ख्रिस्ती पंथही विधेयकाच्या बाजूने होता.

राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो तिसरे यांनी विधेयक पुढे रेटले. १३ डिसेंबर २०१२ रोजी प्रतिनिधीगृहात दुसऱ्या वाचनात ते ११३ विरुद्ध १०४ अशा निसटत्या बहुमताने संमत झाले. १७ डिसेंबरला अंतिम मतदान होऊन २१ डिसेंबर रोजी अक्विनो यांनी त्यावर स्वाक्षरी केली. कायद्यातील मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या :

१. नैसर्गिक व आधुनिक अशा सर्व सुरक्षित, कायदेशीर व गर्भपात न घडवणाऱ्या पद्धती सरकारी दवाखान्यांतून उपलब्ध करणे व गरिबांना त्यांत प्राधान्य देणे;
२. शाळांमधून किशोरवयीनांना वयानुरूप प्रजनन आरोग्याचे शिक्षण देणे;
३. गर्भनिरोधक साधनांचा अत्यावश्यक औषधांत समावेश करणे;
४. गर्भपातानंतर गुंतागुंत झालेल्या स्त्रीला भेदभावाविना उपचार देणे.

अपत्यांच्या संख्येबाबत कायद्याने कोणतेही लक्ष्य ठरवले नाही. गर्भपात हा १९३० च्या दंडसंहितेनुसार गुन्हा होता व तसाच राहिला.

न्यायालयीन लढा

कायद्याच्या घटनात्मकतेला आव्हान देणाऱ्या याचिकांवरून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये अंमलबजावणी स्थगित केली. ८ एप्रिल २०१४ रोजी ‘इम्बाँग विरुद्ध ओचोआ’ या खटल्यात न्यायालयाने कायदा घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. मात्र काही तरतुदी रद्द केल्या. धार्मिक श्रद्धेमुळे सेवा नाकारणाऱ्या डॉक्टरला रुग्णास अन्यत्र पाठवण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. आधी मूल झालेल्या वा गर्भपात झालेल्या अल्पवयीन मुलींना पालकांच्या लेखी संमतीविना साधने मिळण्याची सवलतही काढून घेण्यात आली.

यानंतरही लढा संपला नाही. दंडाच्या त्वचेखाली बसवल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक कांडीच्या वितरणास न्यायालयाने जून २०१५ मध्ये मनाई केली. औषध प्रशासनाने ५१ साधने गर्भपातकारक नसल्याचे नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रमाणित केल्यावरच ही मनाई उठली. दरम्यान २०१६ च्या अर्थसंकल्पातून संसदेने साधनांच्या खरेदीसाठीचे सुमारे १ अब्ज पेसो वगळले. कायदा संमत झाला, तरी निधीअभावी तो कसा निष्प्रभ होऊ शकतो, हे यातून स्पष्ट झाले.

चर्चच्या भूमिकेत तत्त्वतः बदल झाला नाही. जानेवारी २०१५ मधील मनिला भेटीहून परतताना पोप फ्रान्सिस यांनी जबाबदार पालकत्वाचा पुरस्कार केला व चांगला कॅथलिक होण्यासाठी अगणित मुले असावी लागतात हा समज खोडून काढला. मात्र सहाव्या पॉल यांच्या शिकवणुकीचे त्यांनी समर्थनच केले.

परिणाम व सद्यःस्थिती

जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी कुटुंब नियोजनाची अपूर्ण गरज शून्यावर आणण्याचा आदेश काढला. जून २०२१ मध्ये त्यांनी किशोरवयीन गर्भधारणा रोखणे हा राष्ट्रीय प्राधान्याचा विषय असल्याचे जाहीर केले. पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलींपैकी आई झालेल्या वा गर्भधारणा झालेल्या मुलींचे प्रमाण २०१३ मध्ये सुमारे १० टक्के होते. ते २०२२ मध्ये ५.४ टक्क्यांवर आले.

राष्ट्रीय सर्वेक्षणांनुसार एकूण जननदर १९७३ मध्ये ६.०, १९९३ मध्ये ४.१, २०१३ मध्ये ३.० आणि २०२२ मध्ये १.९ असा घटत गेला. या घसरणीचे सर्व श्रेय कायद्याला देता येत नाही. आधुनिक साधने वापरणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण २०१३ मधील ३८ टक्क्यांवरून २०२२ मध्ये केवळ ४२ टक्क्यांपर्यंत वाढले. स्त्रीशिक्षण, शहरीकरण व लांबणीवर पडणारे विवाह यांचा परिणाम, तसेच कोविड महासाथीचा काळ, हेही लक्षात घ्यावे लागते.

२०२२ मध्ये सुमारे १२ टक्के विवाहित स्त्रियांची कुटुंब नियोजनाची गरज अपूर्ण होती. म्हणजे अपत्य नको असूनही अथवा उशिरा हवे असूनही त्या कोणतीही पद्धत वापरत नव्हत्या. साधने देण्याचे बंधन आता कायद्याने शासनावर टाकले असल्याने एखाद्या नव्या पदाधिकाऱ्याला केवळ आदेश काढून ती बंद करता येत नाहीत. परंतु स्थानिक संस्थांचा निधी, डॉक्टरांना असलेली नकाराची मुभा आणि अल्पवयीनांसाठीची पालक-संमतीची अट यांमुळे कायद्याने दिलेला हक्क व प्रत्यक्ष सेवा यांच्यात अद्याप अंतर आहे.