लग्नाच्या सँडलमध्ये आर्च सपोर्ट

पायाच्या कमानीला आधार देणारा आर्च सपोर्ट खेळाच्या किंवा नाडीच्या बंद बुटात सहज बसतो. पैठणीवर घालायच्या नाजूक सँडलमध्ये मात्र बसत नाही. बळेच बसवला तर टाच मागून निसटते, बोटे पुढे चेपतात आणि तासाभरात मूळ दुखणे परवडले असे वाटू लागते. हा प्रश्न हौसेपुरता नाही. दादर-परळच्या हॉलमधले लग्न, गिरगावातली गुढीपाडव्याची शोभायात्रा, लालबागची गणपतीची रांग, हिंदमात्याची साडीखरेदी, या प्रत्येक प्रसंगी बाई तासन्‌तास उभी असते किंवा चालत असते आणि नेमकी त्याच दिवशी आधार नसलेली पादत्राणे घालते. एरवी नोकरीच्या बुटात सांभाळलेली टाच अशा एका दिवसात पुन्हा उसळते.

पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे आहेत. ती सपाट मांडलेली नसतात, कमानींत रचलेली असतात. टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत जाणारी आतल्या बाजूची कमान त्यांत सर्वांत उंच. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून प्लांटर फॅशिया नावाचा चिवट पट्टा जातो. पाऊल उचलताना बोटे वर वळली की हा पट्टा ताणला जातो आणि कमान उचलून धरतो. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली या क्रियेचे सविस्तर वर्णन केले. वाढलेले वजन, कडक लादीवरचे उभे काम, आखडलेली पोटरी, खचलेली कमान यांपैकी कशानेही हा पट्टा टाचेजवळ दुखावू शकतो. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पावले टाकवत नाहीत, जरा फिरल्यावर बरे वाटते, संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो, ही त्याची ओळख. सपोर्टचे काम एवढेच, की टाच सरळ धरायची आणि एका जागी येणारा भार तळव्यावर पसरवायचा. मऊपणा म्हणजे आधार नव्हे. अंगठ्याने दाबताच जमिनीला टेकणारा फोमचा तळ दुकानात सुखावतो, पण अंगाचे पूर्ण वजन आल्यावर कमानीखाली काही उरत नाही.

तयार सपोर्ट औषधांच्या आणि वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत मिळतात. मापाने बनवून घ्यायचे असतील तर ते काम प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्टचे. या व्यवसायाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. मध्य मुंबईच्या रहिवाशांना सर्वांत जवळची मोठी सरकारी जागा म्हणजे हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. १९५५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत कृत्रिम अवयव आणि आधारसाधने तयार होतात, शिवाय या विषयाचे पदवी शिक्षणही मिळते. परळच्या केईएम रुग्णालयातही भौतिक चिकित्सा विभाग आहे. साध्या टाचदुखीसाठी मापाचा महागडा सपोर्ट तयार सपोर्टपेक्षा सरस ठरतो असे संशोधनात दिसलेले नाही. म्हणून सुरुवात तयार सपोर्टने करणेच शहाणपणाचे. पावलाची ठेवण फार वेगळी असेल, पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा मधुमेह असेल, तर मात्र माप द्यावे.

अडचण जाडीची आहे. सपोर्ट टाचेखाली सहसा ३ ते ६ मिलिमीटर जागा घेतो, म्हणजे पाऊल बुटात तेवढे वर येते. बुटाची मागची भिंत आहे तेवढीच राहते, त्यामुळे टाचेवरची पकड सुटते. पुढे बोटांवरचे छत आहे तेवढेच राहते, त्यामुळे बोटे दाबली जातात. यावर बहुतेक जणी, आणि बहुतेक विक्रेतेही, एक नंबर मोठा घेण्याचा उपाय काढतात. तो चुकीचा आहे. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे साधारण ६.७ मिलिमीटर, ब्रिटिश पद्धतीत साधारण ८.५ मिलिमीटर, आणि ही दोन्ही मापे लांबीची आहेत. नंबर वाढवला की लांबी वाढते, खोली जेमतेम वाढते. वर बुटाचा उंचवटा पायाच्या कमानीच्या पुढे सरकतो आणि बूट जिथे वाकायला हवा तिथे न वाकता बोटांच्या पुढे वाकतो. शोधायची ती खोली. लांबी पावलाप्रमाणेच ठेवायची.

खोली ठरते ती बूट ज्या फरम्यावर चढवून शिवला त्या फरम्यावरून. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावले मोजली. भारतीय पाऊल युरोपीय आणि अमेरिकी पावलापेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे त्यातून दिसले आणि ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धत पुढे आली. परक्या मापांच्या फरम्यावर केलेला बूट मुळातच रुंद पायाला आवळतो, आणि बायकांच्या समारंभी पादत्राणांत तर टोक आणखी निमुळते केलेले असते. अशा बुटात सपोर्टला जागा मिळत नाही यात पायाचा काही दोष नाही.

त्यामुळे समारंभासाठी सपोर्टही वेगळा लागतो. पूर्ण लांबीचा, जाड ईव्हीए फोमचा सपोर्ट खेळाच्या बुटासाठी ठीक. नाजूक पादत्राणात बोटांच्या मुळापाशी संपणारा पाऊण लांबीचा, अरुंद आणि पातळ सपोर्ट घ्यावा, म्हणजे बोटांखालची जागा मोकळी राहते. पॉलिप्रॉपिलीन किंवा कार्बन फायबरचे कवच पातळ असूनही ताठ राहते. ईव्हीएला तोच ताठपणा येण्यासाठी जाडी लागते. पाऊण लांबीचा सपोर्ट आत सरकतो, त्याला दुतर्फा चिकटपट्टी किंवा वेलक्रोचा तुकडा लावला की तो जागेवर राहतो. टाचेची उंचीही आधीच ठरवावी लागते. सपाट बुटाच्या मापाने केलेला सपोर्ट उंच टाचेच्या उतारावर ठेवला तर कुठेतरी अधांतरी राहतो आणि डगमगतो. शिवाय टाच जितकी उंच, तितके वजन पंज्यावर जाते. दीड इंचापर्यंतची रुंद टाच ही व्यवहार्य मर्यादा. पेन्सिल हीलमध्ये सपोर्ट घालण्याचा खटाटोप करू नये. पंज्याखालीही थोडी जाडी असलेली वेज टाच दिसायला उंच असते, पण तिचा खरा उतार कमी असतो. साडीवर उंची हवी असेल तर वेज हा सर्वांत चांगला पर्याय.

प्रकारांत पहिली पसंती पावलावरून पट्टा जाणाऱ्या, मागून पूर्ण बंद असलेल्या बुटाला. पट्टा पाऊल मागे टाचेकडे धरतो आणि सपोर्टमुळे गेलेली पकड परत मिळते. मागून बंद पण पुढे बोटे उघडी असलेली सँडलही चालते. बोटांवर छतच नसल्याने उंचीचा प्रश्न पुढच्या बाजूने सुटतो. बेली दिसायला सुबक, पण तिच्या कडा इतक्या खाली असतात की ३ मिलिमीटरच्या सपोर्टनेही टाच बाहेर येते. टाच निसटू नये म्हणून मागच्या भिंतीला चिकटवायची गादी घेतली जाते. ती पाऊल आणखी पुढे ढकलते आणि बोटांची चेप वाढवते. त्यापेक्षा पट्ट्याच्या आतल्या बाजूला पातळ गादी चिकटवावी, म्हणजे पाऊल मागे रेटले जाते. मोजडीची गोष्ट बेलीसारखीच. मागून उघड्या चपलेत सुटा सपोर्ट टिकत नाही. तिथे कमान तळातच घडवलेली हवी.

कोल्हापुरीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण नऊवारी आणि नथ यांच्याबरोबर दुसरे काही शोभत नाही असे मानणाऱ्या घरांची संख्या गिरगाव-दादरमध्ये मोठी आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे यांना मिळून २०१९ साली कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा तळ चामड्याच्या थरांचा, टिकाऊ आणि पूर्ण सपाट. मऊ फोम घातलेल्या कोल्हापुरी आता मिळतात, पण त्या मऊपणाबद्दल वर म्हटले तेच लागू पडते. चपलेच्या तळावर कमानीच्या जागी चिकटवायची कातडी किंवा जेलची उशी काही प्रमाणात उपयोगी पडते. तिची जागा पायावरून ठरवावी: ओल्या पावलाने चपलेवर उभे राहिले की कमानीचा कोरडा राहिलेला भाग दिसतो. टाचदुखी जोरात असेल तेव्हा मात्र कोल्हापुरी शोभायात्रेच्या लांब चालीसाठी नको.

साडीचा विचार इथे उपयोगी पडतो. सहावारी गोल साडी जमिनीपर्यंत येते आणि पादत्राणाचे फक्त टोक दिसते. सोनेरी किंवा काळ्या रंगाचा, पट्ट्याचा साधा बंद बूट तिच्याखाली कोणाच्या लक्षातही येत नाही. नऊवारीत घोटा आणि पाऊल उघडे राहते, म्हणून तिथे दिसण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. सपोर्टने उंची थोडी वाढते, तेव्हा पादत्राण पायात घालून मगच निऱ्या कराव्यात.

आपल्याकडे समारंभात पादत्राण अंगावरच्या दागिन्यांसारखे दिवसभर टिकत नाही. देवळात, विधीच्या जागी, यजमानांच्या दारात ते काढावेच लागते, आणि मग सपोर्टही दारातच राहतो. बक्कल वाकून काढण्या-घालण्याची कटकट नको म्हणून अनेक जणी शेवटी सपाट चपलेवर येतात. त्यावर उपाय दोन. एक, वरून बक्कल दिसणारा पण आतून वेलक्रो असलेला पट्टा. मोची साध्या पट्ट्यालाही तो लावून देऊ शकतो. दुसरा, पावलावरच चढवायचा लवचीक पट्टा, ज्याच्या आत कमानीखाली जेलची छोटी उशी असते. त्याचा आधार सौम्य असतो, पण चप्पल काढली तरी तो पायावर राहतो.

खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते. सपोर्ट बरोबर न्यावा. दोन्ही पावले उभे राहून मोजावीत आणि मोठ्या पावलाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे साधारण १ सेंटिमीटर जागा हवी. पादत्राण हातात घेऊन वाकवावे. ते बोटांच्या सांध्यापाशी वाकले तर ठीक, मधोमध घडी पडली तर ठेवून द्यावे. टाचेची भिंत चिमटीत दाबून पाहावी. ती कोलमडली तर सपोर्टलाही आधार मिळणार नाही. मग आतला सुकतळा सुटतो का ते पाहावे. सुटणारा सुकतळा असेल तर तो काढून त्याच्या जागी सपोर्ट बसतो आणि खोलीचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. चिकटवलेला सुकतळा मोची उचकटून देतो, मात्र त्याखाली खिळ्यांची डोकी किंवा उंचवटे निघाले तर ते झाकून घ्यावे लागतात. मोची पट्ट्याला नवी भोके पाडू शकतो आणि कातडी बूट फरम्यावर ताणून रुंदही करू शकतो. रेक्झिन असे ताणले जात नाही. म्हणून पट्टे आणि वरचा भाग कातड्याचा असावा हा आग्रह निव्वळ टिकाऊपणासाठी नाही.

मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर स्वतःच्या मनाने कडक सपोर्ट घालू नये; तो घासून झालेली जखम कळत नाही. अशा पायांसाठी आपल्याकडे एमसीआर, म्हणजे सूक्ष्म पोकळ्यांच्या रबराच्या चपला वापरतात. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर केलेल्या कामातून हे रबर पादत्राणांत आले. कुष्ठरोगासाठीच्या या चपला पुढे मधुमेहींच्या पायांसाठीही वापरल्या जाऊ लागल्या. त्यांना मागून पट्टा आणि वरून चांगले कातडे लावून घेतले तर समारंभातही त्या घालता येतात, आणि अशा पायांनी दुसरे काही घालू नये.

नवे पादत्राण आणि सपोर्ट लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा घालायचे नसतात. निदान दोन आठवडे आधीपासून घरात रोज तास-दोन तास घालून ते सवयीचे करावेत आणि काढल्यावर पायावर लाल वळ राहतात का ते पाहावे. गणपती पावसाळ्यात येतात. भिजलेला सपोर्ट बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर सुकवावा. ईव्हीए वापराने दबत जाते, म्हणून कमानीचा उंचवटा अंगठ्याखाली सहज बसू लागला की सपोर्ट बदलावा.