भट्टीविना कुकी, रसाविना संत्रं

संत्र्याच्या कुकीज करायच्या म्हटलं की हात आधी रसाकडे जातो. इथे तो आवरायचा. ओव्हन न लावता, ओट्स आणि साखरेच्या पाकावर जमणाऱ्या या कुकीजमध्ये चार चमचे रस पडला, तर दूध नासतं, पाक साखरत नाही आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही ताटात चिकट लगदाच उरतो. संत्र्याचं जे आपण कचऱ्यात टाकतो ते इथे जपायचं आणि जे पितो ते बाजूला ठेवायचं. असं का, हे शोधत गेलं की साध्या साखरेच्या पोटातून एकेक गंमत बाहेर यायला लागते.

आधी या प्रकाराचं मूळ. पातेल्यात साखर, दूध आणि लोणी उकळायचं, आच बंद करून त्यात ओट्स ढवळायचे आणि चमच्याने कागदावर टाकून गार होऊ द्यायचं, ही रीत अमेरिकेतली. तिकडे त्यात बहुधा कोको आणि शेंगदाण्याचं लोणी असतं. अपालाचियन डोंगरांच्या भागात त्यांना ‘प्रीचर कुकीज’ म्हणतात. पाद्रीबुवा घराकडे येताना खिडकीतून दिसले, की ते दारात पोचेपर्यंत ताट तयार व्हावं, इतक्या त्या झटपट होतात, असं त्या नावामागचं कारण सांगितलं जातं. गोष्ट खरी असो वा रचलेली, अचानक आलेल्या पाहुण्यासाठी कढई चढवणं आपल्याला कोणी शिकवायला नको. आपण कोकोऐवजी संत्रं आणि लिंबू घेऊ.

आता पहिला प्रश्न: न भाजता धान्य खायचं कसं? गव्हाचं कच्चं पीठ साखरेत कालवून खाल्लं तर ते चवीला कच्चट लागतंच, शिवाय त्यात जंतूही असू शकतात. ओट्सचं तसं नाही. ओटच्या दाण्यात स्निग्धांश गहू-तांदळापेक्षा बराच जास्त असतो, साधारण सात टक्क्यांच्या घरात. आणि त्याच दाण्यात लायपेज नावाचं विकर असतं. दाणा सोलला किंवा चिरडला की हे विकर स्निग्धांशावर तुटून पडतं आणि काही दिवसांत धान्य खवट होतं. म्हणून गिरणीत ओट्सना आधी वाफ देतात, विकर निकामी करतात, दाणे वाळवतात आणि मग रुळांखाली दाबून चपटे करतात. पाकिटातून निघणारे पापुद्रे म्हणजे बरंचसं शिजूनच आलेलं धान्य असतं. भट्टीचं काम गिरणीने आपल्याआधीच उरकलेलं असतं. तरीही मी ते कढईत पाच-सहा मिनिटं कोरडेच परतून घेते. त्याने येणारा खमंगपणा नुसत्या वाफेने येत नाही.

खरी करामत मात्र साखरेची आहे. ओव्हनमधल्या कुकीला आकार देतात पीठ आणि अंडं. इथे दोन्ही नाहीत. सगळं उभं राहतं ते साखर आधी पूर्ण विरघळून पुन्हा साखर होते, एवढ्याच एका घटनेवर.

साध्या खोलीच्या तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे दोनशे ग्रॅम साखर विरघळते. हेसुद्धा ऐकताना खोटं वाटावं इतकं आहे. पाण्याच्या दुप्पट साखर! पाणी उकळतं असेल तर हा आकडा ४८० ग्रॅमच्याही पुढे जातो. पाक उकळत ठेवला की पाणी उडत जातं, साखर दाटत जाते आणि उकळण्याचं तापमानही चढत जातं. ते ११२ ते ११६ अंश सेल्सियसला पोचलं की पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर विरत नाही, बोटांनी त्याची मऊ गोळी वळता येते. आपल्याकडे त्याला गोळीबंद पाक म्हणतात. हातात तापमापक नसताना पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी वाटीभर पाण्यात हे तापमान मोजलं आहे, आणि चार-दोन अंशांच्या फरकात अचूक मोजलं आहे.

त्या क्षणी, दूध-लोणी सोडून नुसत्या साखर-पाण्याचा हिशेब केला, तर पाकात ८५ भाग साखर आणि १५ भाग पाणी असतं. गार झाल्यावर १५ भाग पाणी जेमतेम ३० भाग साखर धरून ठेवू शकतं. मग उरलेल्या ५५ भागांनी जायचं कुठे? काही वेळ ती साखर तशीच अवघडून पाण्यात राहते. मग ढवळण्याचा एखादा धक्का, साखरेचा एखादा कण, ओट्सची एखादी खरखरीत कड एवढंसं निमित्त मिळतं आणि पाकभर स्फटिक धरू लागतात. रव्याचे पाकातले लाडू वळताना ‘आता मिश्रण आळलं’ असं आपण म्हणतो, तेव्हाही आत हेच चाललेलं असतं. दोन मिनिटांपूर्वी वाहणारी गोष्ट ताटलीवर मॅट होत जाते, तिची चकाकी जाते. मला सगळ्या कृतीत हा क्षण सर्वांत विलक्षण वाटतो.

अमेरिकी कृतीत एक ठाम सूचना असते: पूर्ण उकळी फुटल्यावर एक मिनिट, कमी नाही, जास्त नाही. कमी उकळलं तर पाणी जास्त राहतं आणि कुकी बसत नाही. जास्त उकळलं तर भुगा होतो. पण पातेलं रुंद आहे की अरुंद, आच किती, गाव किती उंचावर, यावर हे मिनिट बदलतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे साधं पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं. त्यामुळे घड्याळापेक्षा पाण्यातल्या गोळीवर माझा भरवसा जास्त.

आता रसाचा गुन्हा. साखरेचा रेणू दोन तुकड्यांचा असतो, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. आम्ल आणि उष्णता मिळाली की जोड सुटते. स्फटिक बांधणं म्हणजे एकसारख्या शहाबादी फरशा ओळीने बसवणं. मधूनच अर्ध्या तुटलेल्या फरशा हाती यायला लागल्या तर ओळ पुढे सरकत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे ते अर्धे तुकडे. गुलाबजामच्या पाकात लिंबाचे थेंब पिळतात ते याचसाठी, पाक साखरू नये म्हणून. तिथे जे वरदान, तेच इथे विघ्न, कारण आपल्याला पाक साखरायलाच हवा आहे. शिवाय संत्र्याच्या रसात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. जे उडवण्यासाठी आपण आच लावली, तेच परत ओतण्यात काय हशील? आणि दुधातलं केसीन आम्लात गुठळ्या धरतं ते वेगळंच.

ज्या वासासाठी आपण संत्र्यामागे लागतो, त्याचा मोठा साठा असतो सालीत. साल उजेडात धरून पाहिली तर केशरी भागात बारीक टिपके दिसतात. ती तेलाची कोठारं. साल वाकवली की खालचा पांढरा, स्पंजासारखा थर दाबला जातो, कोठारातला दाब वाढतो आणि वरचं पातळ आवरण फुटून तेलाची बारीक पिचकारी उडते. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच प्रकारच्या लिंबूवर्गीय फळांच्या साली वाकवून अतिवेगवान कॅमेऱ्यांनी या पिचकाऱ्या टिपल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्यांचा वेग सेकंदाला दहा मीटरहून अधिक असतो, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या पुढे. लहानपणी एकमेकांच्या डोळ्यांत साल पिळण्याचा खोडकरपणा ज्यांनी केला आहे, त्यांना या आकड्याचं नवल वाटणार नाही.

या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त एकच पदार्थ असतो, लिमोनीन. लिंबाच्या सालीच्या तेलातही सर्वांत मोठा वाटा लिमोनीनचाच. मग लिंबाला लिंबासारखा आणि संत्र्याला संत्र्यासारखा वास का येतो? फरक करतात ते उरलेले थोडेसे पदार्थ. लिंबाला लिंबाचा वास देतो मुख्यतः सिट्रल. काही टक्केच असतो, पण नाक त्यालाच ओळखतं. हाच सिट्रल गवती चहाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत असतो. एका गवताच्या पात्यात लिंबाचा वास कुठून आला, हे कोडं पावसाळ्यात चहा उकळताना कधी पडलं असेल, तर उत्तर हे. लिंबं संपली असतील तर या कुकीजमध्ये गवती चहाची कोवळी पात दुधात उकळून, गाळून घ्यावी. आम्ल नाही, त्यामुळे दूधही नासत नाही.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण किसायला ते अवघड. त्याची साल सैल, आत हवा. किसणीखाली ती दबते आणि फाटते. म्हणून संत्रं सोलण्याआधी, अख्खं असतानाच, हलक्या हाताने किसावं. मोसंबीची साल घट्ट असते, ती सहज किसली जाते, पण वासात ती नागपुरीच्या जवळही येत नाही, हे माझं पक्षपाती मत. फळ आधी कोमट पाण्याने चोळून धुवावं, कारण बाजारातल्या फळांना बऱ्याचदा मेणाचा थर असतो. फक्त रंगीत भाग घ्यावा. पांढरा भाग कडू.

दोन संत्री आणि एका लिंबाच्या सालीचा कीस, दोन चमचे साखर, हे खलबत्त्यात वाटायचं. साखरेच्या धारदार कडा तेलाची कोठारं फोडतात आणि तेल साखरेवर चढतं. ही ओलसर केशरी साखर पाकात उकळायची नाही. लिमोनीनचा उत्कलनबिंदू १७६ अंश असला, तरी पाण्याच्या वाफेबरोबर ते त्याआधीच निघून जातं. स्वयंपाकघर घमघमतं आणि कुकी कोरी राहते. साखर शेवटी घालण्यात दुसराही फायदा आहे. साखर कारखान्यात निर्वात पॅनमध्ये दाटलेल्या रसात अगदी बारीक दळलेल्या साखरेची पेरणी करतात, म्हणजे त्या कणांभोवती सारख्या आकाराचे दाणे वाढतात. आपली वाटलेली साखर गरम पाकात तेच करते. वासाचं वाहन आणि स्फटिकांचं बी, दोन्ही कामं एकाच चिमटीत.

मापं अशी: साखर २०० ग्रॅम (वाटायला घेतलेले दोन चमचे यातलेच), दूध ६० मिलिलिटर, लोणी ६० ग्रॅम, ओट्स १२० ग्रॅम, काजूची पूड ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ. ओट्स लवकर शिजणारे, बारीक पापुद्र्यांचे हवेत. जाड कापलेले दाणे दाताखाली खडे लागतात. साखर, दूध, लोणी मंद आचेवर आधी पूर्ण विरघळवावं, मग उकळी आणावी, गोळी पाहावी, आच बंद. मीठ, काजू, ओट्स, शेवटी केशरी साखर. भराभर ढवळून चमच्याने तूप लावलेल्या ताटात टाकावं. हात संथ चालला तर मिश्रण पातेल्यातच आळतं. तसं झालंच तर चमचाभर दूध घालून पुन्हा गरम करता येतं, वास मात्र थोडा उडतो.

साखरेऐवजी गूळ चालेल का, हा प्रश्न येणारच. गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज आधीपासून असतात, म्हणजे तुटक्या फरशा आयत्याच. कुकी चिवट होते, चव छान लागते, पण कोरडी, दातांखाली चुरणारी होत नाही. ज्यांना ती तशी आवडते त्यांनी खुशाल करावी.

हवा कोरडी असेल तर अर्ध्या तासात कुकीज ताटातून सुटतात. मुंबईत, कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली, की साखर स्वतःच हवेतलं पाणी ओढायला लागते, आणि पाकात फ्रुक्टोज असेल तर ती वेळ आणखी लवकर येते. तेव्हा गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. पहिल्या दिवशी लिंबू पुढे असतं. दुसऱ्या दिवशी तेल लोण्यात आणि काजूत मुरतं आणि संत्रं वर येतं. आठवड्याच्या पुढे ठेवू नयेत, कारण हवा लागून लिमोनीन आणि सिट्रल दोन्ही बदलत जातात आणि ताज्या सालीच्या वासाची जागा औषधी, जुनाट वास घेतो.