सूज उतरली, पण पाय बरा झाला का?

पावसाळ्यातल्या कुठल्याही सोमवारी सकाळी आमच्याकडे येऊन बसलात, तर आदल्या दिवशी पनवेलकर कुठे गेले होते ते विचारावं लागत नाही. एक जण कर्नाळा किल्ल्यावरून आलेला असतो, दोघं-तिघं प्रबळगडाशेजारच्या कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्या उतरून आलेले असतात, एखादा टर्फवर रात्री अकरापर्यंत क्रिकेट खेळलेला असतो. आणि सगळ्यांचं वाक्य एकच: ‘काही नाही हो, जरा पाय मुरगळलाय.’ आजचं बोलणं या ‘जरा’बद्दल आहे.

आधी एक साधी गोष्ट. पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा उतरताना. का? नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड मिळून घोट्यात एक खोबण तयार होते, आणि त्या खोबणीत पावलाचं सगळ्यात वरचं हाड बसतं. हे हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पाऊल वर उचललेलं असताना रुंद भाग खोबणीत गच्च बसतो. पण उतरताना आपण बोटं खाली करून पाय टाकतो. तेव्हा अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. त्यात ओला दगड, शेवाळ, पाठीवर सॅक. तळवा आतल्या बाजूला वळतो आणि बाहेरचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, ताणला जातो किंवा फाटतो. आतल्या बाजूचा पट्टा चांगला जाड असतो, तो सहसा वाचतो.

आता असा माणूस समोर आला की आमचा पहिला प्रश्न सुजेबद्दल नसतो. आम्ही विचारतो, ‘मुरगळल्यावर लगेच चार पावलं टाकता आली का? आणि आत्ता येतात का?’ लंगडत टाकली तरी चालतील. मग आम्ही बोटाने हाड दाबून बघतो. दोन्ही घोट्यांच्या मागच्या कडेने, टोकापासून साधारण सहा सेंटिमीटर वरपर्यंत. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तो. आणि आतल्या बाजूला कमानीवरचं हाड. यातलं कुठलंही हाड नेमकं दाबल्यावर दुखलं, किंवा तेव्हाही आणि आत्ताही चार पावलं टाकता येत नसली, तर आधी एक्स-रे. कॅनडातल्या ओटावा शहरात डॉक्टरांनी १९९२ साली हे नियम मांडले आणि आज जगभर वापरले जातात. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार थोडी. मात्र लहान मुलं, दारू प्यायलेला माणूस आणि ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे असे मधुमेही, यांच्याबाबतीत या नियमांवर विसंबू नका. त्यांना दुखलेलं कळत नाही, किंवा सांगता येत नाही.

आमच्याकडे गावाकडून येणारी बरीच माणसं आधी हाडवैद्याकडे जाऊन आलेली असतात. आम्ही त्यांच्यावर रागावत नाही. त्यांच्या गावात रात्री नऊ वाजता दुसरं कोण भेटणार? पण एवढं सांगतो, की पहिल्या दोन-तीन दिवसांत तेल लावून जोरात चोळलं तर आतला रक्तस्राव वाढतो. आणि हाड मोडलं आहे की नाही हे ठरायच्या आधी पाय ओढून ‘बसवायचा’ नाही, मग हात कितीही अनुभवी असो.

अनुभवाचा विषय निघालाच आहे, तर आमची एक चूक सांगतो. चाळिशीतले एक गृहस्थ आले. बॅडमिंटन खेळताना पुढे झेपावले आणि त्यांना वाटलं, मागून कुणीतरी टाचेच्या वर काठी मारली. वळून बघतात तर मागे कुणीच नाही. आमच्यातल्या एकाने त्यांना पाय खाली दाबायला सांगितलं, त्यांनी दाबला. चालतही होते. ‘पोटरीचा स्नायू ओढला गेलाय’ असं म्हणून शेक दिला, पट्टी बांधली. तीन आठवडे गेले. तरी त्यांना त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तेव्हा आम्ही त्यांना पालथं झोपवलं आणि पोटरी दाबून पाहिली. पाऊल हललं नाही. टाचेची शीर, जिला आम्ही अकिलीस म्हणतो, ती पूर्ण तुटलेली होती.

ही तपासणी दहा सेकंदांची आहे. माणूस पालथा, पावलं पलंगाच्या कडेबाहेर लोंबती, आणि पोटरीचा मांसल भाग दाबायचा. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकतं. सिमंड्स यांनी १९५७ मध्ये आणि थॉम्पसन यांनी १९६२ मध्ये ती लिहून ठेवली आहे, म्हणजे आम्हाला नवी नव्हती. मग चुकलो कुठे? पाय खाली दाबता येतो यावर विश्वास ठेवला. ही शीर तुटली तरी बोटांकडे जाणारे आणि घोट्यामागून जाणारे दुसरे स्नायू थोडंफार काम करतात, त्यामुळे माणूस पाय हलवून दाखवतो आणि तपासणारा फसतो. लवकर कळलं असतं तर पाऊल खाली झुकवलेल्या स्थितीत बांधून, विनाशस्त्रक्रियेचा पर्यायही सर्जनपुढे मोकळा राहिला असता. उशिरामुळे तो मार्ग अवघड झाला. आता आमच्याकडे ‘मागून काठी मारल्यासारखं वाटलं’ हे शब्द ऐकले की माणूस आधी पालथा झोपतो, बाकी सगळं नंतर.

बर्फाबद्दल हमखास विचारतात. आराम, बर्फ, पट्टी, पाय उंच ही चौकडी १९७८ साली डॉ. गेब मर्किन यांच्या पुस्तकामुळे रूढ झाली. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. आमचं मत असं: दुखणं कमी करायला पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, चालेल. पण बर्फाने लिगामेंट जुळत नाही. तो जुळतो झेपेल एवढ्या भारामुळे. म्हणून हाड मोडलेलं नसेल तर आम्ही लवकर चालायला लावतो, घोट्याला आधाराचा पट्टा बांधून.

मग साधारण दहा दिवसांनी सूज उतरते आणि माणूस यायचा बंद होतो. खरी अडचण इथे आहे. लिगामेंटमध्ये नुसता दोर नसतो. पाऊल कुठल्या कोनात आहे याची खबर मेंदूला देणारी टोकंही तिथेच असतात. ती दुखावली की खबर उशिरा पोहोचते, आणि पुढच्या खड्ड्यात पाय सावरायच्या आत वळतो. ‘माझा पाय सारखाच मुरगळतो’ म्हणणाऱ्यांची ही गोष्ट आहे.

आत्ता करून बघा, ऑनलाइन ऐकणाऱ्यांनीही. भिंतीजवळ चांगल्या पायावर उभे राहा, डोळे मिटा, मग दुखऱ्या पायावर तेच करा. फरक लगेच कळेल. दुसरी तपासणी आमच्या आवडीची, कारण आपल्याकडे शौचाला, चुलीपुढे उकिडवं बसावं लागतं. भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला टेकवा. पाऊल मागे मागे सरकवत अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते मोजा. दोन पायांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असला तर घोटा अजून आखडलेला आहे, उकिडवं बसताना टाच उचलली जाईल आणि भार गुडघ्यावर येईल.

उपाय कंटाळवाणे आहेत, हे कबूल. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, आधी दोन्ही, मग एकच. पुढे उशीवर उभं राहून तेच. किती करायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखला किंवा सुजला तर कालचं जास्त झालं, निम्मं करा. नाही दुखला तर वाढवा. मात्र एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागली, विशेषतः प्लॅस्टरनंतर, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

शेवटी सगळे विचारतात, ‘पुढच्या रविवारी जाऊ का?’ आम्ही तारीख देत नाही. तिथेच सांगतो, दुखऱ्या पायावर दहा वेळा टाच उचलून दाखवा, मग त्याच पायावर पायरीवरून सावकाश खाली उतरून दाखवा, गुडघा आत न वळता. बहुतेक जण सहाव्या टाचेला भिंत धरतात आणि स्वतःच म्हणतात, ‘त्याच्या पुढच्या रविवारी बघू.’