थिजलेला दर, तुंबलेले शहर

डिसेंबर २०२४चा शेवटचा आठवडा. संसदेचे हिवाळी अधिवेशन नुकतेच संपले होते आणि माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनामुळे राजधानीचे सारे लक्ष तिकडे लागले होते. त्याच सुमारास शेजारच्या हरियाणाच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. बाह्य विकास शुल्क, म्हणजे गुरुग्राम-फरिदाबादेत ज्याला सर्रास ‘ईडीसी’ म्हणतात, त्याच्या दरात १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के आणि त्यानंतर दरवर्षी १० टक्के वाढ करण्याचे ठरले. अशा बातमीतून ‘घरे महागणार’ एवढाच अर्थ सहसा काढला जातो आणि बातमी तेथेच संपते. वस्तुतः या निर्णयामागे वाढत्या शहरांच्या राजकारणातला एक मूलभूत प्रश्न दडला आहे. शहर वाढते तेव्हा त्या वाढीचा खर्च कोणी सोसायचा आणि तो कोणी ठरवायचा?

दिल्लीतील मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. सरकारी नोकरीनिमित्त आलेला अधिकारी निवृत्ती जवळ आली की घराच्या शोधात निघतो. खासगी कंपनीत आलेला तरुण अभियंता तर पहिल्या वर्षीच गुरुग्रामची वाट धरतो. दिल्लीतील घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्याने यमुनेपलीकडे नोएडा आणि सीमेपलीकडे हरियाणा, एवढेच पर्याय उरतात. घराच्या किमतीबरोबर बिल्डर जे मागणीपत्र हातात ठेवतो, त्यात मूळ किमतीखाली ‘ईडीसी’ आणि ‘आयडीसी’ या नोंदी असतात. बहुतेक जण त्या वाचून पैसे भरतात. ते कशासाठी घेतले आणि त्यांचे पुढे काय झाले, हे विचारण्याची सवय आपल्याकडे नाही.

शुल्कामागचे तत्त्व

हरियाणाने १९७५ मध्ये नागरी क्षेत्रांच्या विकास व नियमनाचा कायदा केला. खासगी बिल्डरांना वसाहती उभारण्याचे परवाने देण्याची व्यवस्था त्यातून आली आणि आजचे गुरुग्राम मुख्यतः त्याच व्यवस्थेचे अपत्य आहे. कायद्याने कामांची सरळ वाटणी केली. वसाहतीच्या आतले रस्ते, गटारे, दिवे, उद्याने ही बिल्डरची जबाबदारी. वसाहतीबाहेरची मुख्य जलवाहिनी, मैलापाण्याची वाहिनी, पावसाळी नाले, सेक्टरांना जोडणारे हमरस्ते ही सरकारची जबाबदारी. मात्र सरकारने ही कामे करायची ती बिल्डरकडून दर एकरी वसूल केलेल्या बाह्य विकास शुल्कातून. बिल्डर अर्थातच ते आपल्या खिशातून देत नाही. चौरस फुटांच्या हिशेबाने तो ते घर घेणाऱ्याकडून वसूल करतो.

यामागचे तत्त्व न्याय्य आहे. नव्या वस्तीमुळे जो बोजा वाढतो, तो नव्या वस्तीने उचलावा. जुन्या रहिवाशाच्या मालमत्ता करातून तो भागवला जाऊ नये. अमेरिकेतील नगरपालिका याच तत्त्वावर ‘इम्पॅक्ट फी’ आकारतात. हैदराबादेत उंच इमारतींवर याच नावाचे शुल्क लागू झाले. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१७ मध्ये सार्वजनिक गुंतवणुकीने वाढणाऱ्या जमीनमूल्याचा वाटा शहराला मिळावा म्हणून धोरणात्मक आराखडा काढला, त्यातही अशा शुल्काचा समावेश होता. तत्त्वाबद्दल दुमत नाही. दुमत सुरू होते ते दरापाशी.

आठ वर्षांचा हिशेब

हरियाणा सरकारनेच या निर्णयासोबत दिलेली पार्श्वभूमी बोलकी आहे. पूर्वी ईडीसीचा दर दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत असे. २०१५ मध्ये ती पद्धत सोडून निर्देशांकावर आधारित धोरण आणले गेले. त्या धोरणानुसार मूळ दर नव्याने निश्चित व्हायचा होता. २०१८ मध्ये गुरुग्राम आणि रोहतक मंडळांसाठी आयआयटी दिल्लीला, तर फरिदाबाद, पंचकुला आणि हिसार मंडळांसाठी आयआयटी रुरकीला हे काम देण्याचे ठरले. दोन्ही संस्थांनी असमर्थता व्यक्त केली. परिणामी मूळ दर ठरलाच नाही आणि २०१५चे दर आठ वर्षे तसेच राहिले.

जुनी १० टक्क्यांची पद्धत चालू राहिली असती, तर १०० रुपयांचा दर आठ वर्षांत २१४ रुपयांच्या घरात गेला असता. बांधकामाचा खर्च वर्षाला केवळ सहा टक्क्यांनी वाढला असे धरले, तरी १०० रुपयांच्या कामाला आठ वर्षांनी सुमारे १६० रुपये लागतात. नवी वाढ मात्र दराला १२० रुपयांवर आणते. म्हणजे ज्या वाढीला ‘बोजा’ म्हटले गेले, ती मागची तूटदेखील भरून काढत नाही.

दर थिजला म्हणून घरे स्वस्त राहिली, असे म्हणायलाही आधार नाही. घराची किंमत बाजार ठरवतो. सरकारने सोडलेला शुल्काचा वाटा ग्राहकाकडेच पोचतो असे नाही. तो जमिनीच्या भावात किंवा विकासकाच्या नफ्यात मुरू शकतो. ग्राहकाच्या वाट्याला मात्र अपुरा रस्ता, पाण्याचा टँकर आणि तुंबलेला नाला हमखास येतो. न भरलेले शुल्क माफ होत नसते. ते फक्त दुसऱ्या रूपात आणि दुसऱ्याच माणसाकडून वसूल होते.

गुरुग्रामने याचा प्रत्यय घेतला आहे. २००१च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख ७० हजार होती. २०११ मध्ये ती १५ लाखांच्या पुढे गेली. दहा वर्षांत सुमारे ७४ टक्के वाढ! जुलै २०१६ च्या अखेरीस एका पावसात हीरो होंडा चौकात पाणी साचले आणि दिल्ली-जयपूर महामार्गावर माणसे रात्रभर वाहनांत अडकून पडली. जमावबंदीचा आदेश काढण्याची वेळ आली, शाळांना सुटी द्यावी लागली. शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी वाहून नेणारा बादशाहपूर नाला त्या पावसाला पुरा पडला नाही. असे नाले बांधणे हेच तर बाह्य विकास शुल्काचे प्रयोजन.

रस्ता कोणाच्या पैशातून?

तथापि सारा दोष दरावर ढकलणे सोयीचे असले तरी खरे नाही. जे शुल्क आकारले गेले, त्याचेही काय झाले हे पाहावे लागते. अनेक बिल्डरांनी ग्राहकांकडून ईडीसी घेतली, पण ती सरकारजमा केली नाही. थकबाकी हजारो कोटींच्या घरात गेली आणि अखेर २०२१ मध्ये ‘समाधान से विकास’ या नावाने व्याजात सवलत देणारी वसुलीची योजना राज्याला आणावी लागली. ज्याने वेळेवर पैसे भरले, त्या ग्राहकाला या समाधानात वाटा नव्हता.

द्वारका द्रुतगती मार्गाची कथा तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. ‘नॉर्दर्न पेरिफेरल रोड’ या नावाने हा रस्ता हरियाणाच्या नगररचना आराखड्यात होता. त्याच्या भरवशावर दोन्ही बाजूंच्या सेक्टरांत परवाने दिले गेले, घरे विकली गेली, ईडीसी आकारली गेली. रस्ता मात्र भूसंपादनाच्या वादात आणि संथ कामात वर्षानुवर्षे अडकला. शेवटी तो राष्ट्रीय महामार्ग म्हणून केंद्राकडे गेला. नितीन गडकरी यांच्या खात्याने तो हाती घेतला, मार्च २०१९ मध्ये त्याची पायाभरणी झाली, हरियाणातील भाग मार्च २०२४ मध्ये आणि दिल्लीतील भाग ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. रस्ता उत्तम झाला, यात वाद नाही. पण ज्या रस्त्यासाठी गुरुग्रामच्या ग्राहकाने शुल्क मोजले होते, त्याचा भार अखेर देशभरच्या करदात्यांवर आला. त्यात गडचिरोलीचा करदाताही आला.

महाराष्ट्राची वाट

महाराष्ट्राने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात १९९२ मध्ये विकास शुल्काचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. सुरुवातीला हे दर चौरस मीटरला ठराविक रुपये असे होते. रुपयांत लिहिलेला दर महागाईत विरघळतो, हा अनुभव आल्यावर पुढे ते रेडी रेकनरमधील जमिनीच्या दराशी टक्केवारीने जोडले गेले. जमिनीचा दर वाढला की शुल्क आपोआप वाढते. त्यासाठी मंत्रिमंडळाला दरवेळी धैर्य गोळा करावे लागत नाही. मेट्रोसारखे मोठे वाहतूक प्रकल्प जेथे हाती घेतले गेले, तेथे शुल्क दुप्पट करण्याची तरतूद झाली. शिवाय मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर या शहरांत एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार पुन्हा लागू झाला.

ही पद्धत हरियाणाच्या पद्धतीपेक्षा निश्चितच प्रवाही आहे. पण तिच्यातही एक उणीव आहे. जमिनीचा भाव आणि नाल्याचा खर्च यांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो. मलबार हिलवर पाण्याची वाहिनी टाकण्याचा खर्च विरारच्या तुलनेत जमिनीच्या भावाच्या प्रमाणात वाढत नाही. भावाशी जोडलेले शुल्क तिजोरी भरते. शहराला नेमके काय हवे आणि त्याला किती लागेल, याचे उत्तर मात्र देत नाही. म्हणजे हरियाणाकडे खर्चाचे तत्त्व आहे पण आकडा नाही. महाराष्ट्राकडे आकडा आहे पण खर्चाशी त्याची गाठ नाही.

शुल्क की कर?

कायद्याच्या दृष्टीने ही गाठ फार महत्त्वाची आहे. कर आणि शुल्क यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४च्या शिरूर मठ खटल्यात स्पष्ट केला होता. शुल्काच्या बदल्यात काही सेवा असावी लागते, कराला तशी अट नसते. नंतरच्या निकालांनी हे बंधन सैल केले, पैशाला पैसा जुळवून दाखवण्याची गरज नाही असे म्हटले. पण संबंधच नको असे म्हटले नाही. १९९२ मध्ये अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या खटल्यात तर न्यायालयाने, कायद्यात स्पष्ट अधिकार नसताना विकास शुल्क आकारता येणार नाही, असे बजावले.

कॅलिफोर्निया राज्याचा १९८७चा कायदा याहून पुढे जातो. इम्पॅक्ट फीतून जमलेला पैसा पाच वर्षांत खर्च झाला नाही, तर तो कशासाठी ठेवला आहे याचा खुलासा स्थानिक संस्थेला नव्याने करावा लागतो. तो करता आला नाही तर पैसा परत द्यावा लागतो. आपल्याकडे अशा शिस्तीची कल्पना अजिबात नाही असे नाही. मार्च २०१६ मध्ये संसदेने स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, संमत केला, तेव्हा ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवण्याचे बंधन बिल्डरवर घातले. एका प्रकल्पाचा पैसा दुसरीकडे वळू नये, हा त्याचा हेतू. पण त्याच ग्राहकाकडून, त्याच घरापोटी, सरकार जे विकास शुल्क घेते त्याला ‘रेरा’चे हे बंधन नाही. बिल्डरवर जो अविश्वास संसदेने रास्तपणे दाखवला, तो राज्य सरकारांच्या वाट्याला आला नाही.

सभागृहाबाहेरचा निर्णय

या साऱ्याच्या मुळाशी राजकीय रचनेचा दोष आहे. गुरुग्राममध्ये ईडीसीचा दर चंडीगडला ठरतो, वसुली नगररचना विभाग करतो, कामे विकास प्राधिकरण करते आणि तयार रस्त्याची देखभाल महापालिकेच्या गळ्यात पडते. गुरुग्राम महानगर विकास प्राधिकरणाचा कायदा २०१७ मध्ये झाला. महापालिका २००८ पासून आहे. यांपैकी लोकांनी थेट निवडलेली संस्था एकच, आणि दर ठरवताना तिचा शब्द निर्णायक नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले त्याला तीन दशके उलटून गेली. तरीही २०१७ मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत संपल्यावर गुरुग्रामकरांना पुढील निवडणुकीसाठी मार्च २०२५ उजाडावा लागला. मुंबई-पुण्याच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. तेथेही २०२२ नंतर महापालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या.

दर आठ वर्षे थिजतो, याचे कारणही बहुधा येथेच सापडते. वाढवला तर विकासक नाराज होतात, ग्राहक ओरडतात. न वाढवला तर कोणी आंदोलन करीत नाही. तुंबलेला नाला उद्याच्या सरकारच्या डोक्यावर फुटतो. आकड्याचे काम तज्ज्ञांकडे सोपवण्याने ही कोंडी सुटत नाही. कारण नव्या सेक्टरांना कोणत्या दर्जाचे रस्ते, किती पाणी, किती सार्वजनिक वाहतूक द्यायची, हा निर्णय आधी राजकीय व्यवस्थेने घ्यायचा असतो. तो झाल्याशिवाय कोणतीही संस्था त्याची किंमत सांगू शकत नाही.

म्हणून दरवाढीला विरोध करण्यात अर्थ नाही. तिच्यासोबत अटी मागण्यात आहे. पहिली, दर कोणत्या कामांच्या यादीवरून काढला ती यादी खर्चासह जाहीर व्हावी. दुसरी, बांधकाम खर्चाच्या निर्देशांकानुसार तो दरवर्षी आपोआप सुधारला जावा, म्हणजे आठ वर्षांची झोप आणि मग एकदम जाग, असे होणार नाही. तिसरी, कोणत्या सेक्टरमधून किती शुल्क जमले आणि तेथे किती खर्च झाले, याचा ताळेबंद दरवर्षी महापालिकेच्या सभागृहात मांडला जावा आणि ठराविक मुदतीत न वापरलेल्या रकमेचा खुलासा बंधनकारक असावा. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी अधिकारी करू शकतात. तिसरीसाठी मात्र विचारणारा नागरिक लागतो.

दिल्लीत आलेला मराठी माणूस इथल्या पालिकेच्या राजकारणाकडे पाहुण्याच्या नजरेने पाहतो. ‘आपण कुठे कायमचे इथले’, असे म्हणत तो मागणीपत्रावरच्या सर्व नोंदी निमूट भरतो. पण शहराच्या वाढीचा खर्च ज्याच्याकडून घेतला जातो, तो त्या शहरात पाहुणा राहत नाही. पुढच्या वेळी त्या कागदावर ईडीसीची रक्कम दिसली, तर भरण्यापूर्वी एवढेच विचारावे की हा पैसा कोणत्या रस्त्याचा, कोणत्या नाल्याचा? आणि ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.