दाराशी उभा असलेला माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१८ जानेवारी २००४ हा रविवार क्रिकेटवेड्या मंडळींना आठवत असेल. ब्रिस्बेनला लक्ष्मणनं नाबाद शतक ठोकलं आणि आपण ऑस्ट्रेलियाला १९ धावांनी हरवलं. मी त्या दिवशी दवाखान्याला दांडी मारून टीव्हीसमोर बसलो होतो. त्या आनंदात असतानाच, मंगळवारच्या पेपरात ऑस्ट्रेलियाहून दुसरी बातमी आली. डेव्हिड हुक्स गेला. वय अवघं अठ्ठेचाळीस.

हुक्स म्हणजे १९७७ च्या मेलबर्नच्या शताब्दी कसोटीत टोनी ग्रेगला ओळीनं पाच चौकार मारणारा पोरगा. पुढे १९८२ साली त्यानं शेफील्ड शील्डमध्ये ३४ चेंडूंत शतक काढलं. २००४ मध्ये तो व्हिक्टोरिया संघाचा प्रशिक्षक होता. त्या रविवारी त्याच्या संघानं साउथ ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि रात्री दोन्ही संघांतली काही मंडळी सेंट किल्डा भागातल्या एका हॉटेलात जमली. ऑस्ट्रेलियात ‘हॉटेल’ म्हणजे बहुधा दारूचा गुत्ता, जरा सभ्य नावाचा. बंद व्हायची वेळ झाली, दाराशी असलेल्या रक्षकांनी मंडळींना निघायला सांगितलं. शब्दानं शब्द वाढला. वाद आतून बाहेर रस्त्यावर आला. तिथं एका रक्षकाचा ठोसा बसला, हुक्स खाली पडला आणि डोकं रस्त्यावर आपटलं. हृदय थांबलं, ते रुग्णवाहिकेच्या लोकांनी पुन्हा सुरू केलं. पण मेंदू गेला तो गेलाच. सोमवारी यंत्रं काढली.

मी शल्यचिकित्सक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यामुळे बातमी वाचताना माझं लक्ष ठोशाकडे गेलं नाही, पडण्याकडे गेलं. सामान्य माणसाला वाटतं, ठोसा जोरात बसला म्हणून माणूस मेला. बहुतेक वेळा तसं नसतं. तुम्ही-आम्ही चालताना ठेच लागून पडलो तर हात आपोआप पुढे येतात, मान आत जाते. मनगट मोडतं, डोकं वाचतं. पण जबड्यावर ठोसा बसून क्षणभर शुद्ध हरपली, की ही राखण करणारा कुणी उरत नाही. माणूस तोडलेल्या झाडासारखा मागे कोसळतो. पाच-साडेपाच फुटांवरून डोक्याचा मागचा भाग डांबरावर येतो. आपटते कवटी मागून, आणि मेंदू आतल्या आत हिसका खाऊन पुष्कळदा पुढच्या बाजूला चेचला जातो. दारू पोटात असली तर तोल आधीच गेलेला असतो, पडणं आणखी सैल होतं. म्हणजे मारणाऱ्याचा हेतू केवढा आणि परिणाम केवढा, याचा काही मेळच राहत नाही.

हुक्सच्या मृत्यूनंतर मेलबर्नमध्ये जे झालं ते मला माझ्या मुलीकडून कळत होतं. ती तेव्हा तिथं शिकायला होती. आधी हळहळ, हॉटेलच्या दाराशी फुलं. हुक्स स्वतः तिथल्या रेडिओवर खेळाचा कार्यक्रम करायचा, त्यामुळे रेडिओवर तर शोकच होता. मग राग. ज्याला त्याला आपापला दारावरचा रक्षक आठवू लागला. कुणाची कॉलर धरली होती, कुणाला पायऱ्यांवरून ढकललं होतं. सगळे रक्षक गुंड, असा सूर लागला. ॲडलेड ओव्हलवर अंत्यविधीला हजारो माणसं आली.

दीड वर्षानं, सप्टेंबर २००५ मध्ये, खटल्याचा निकाल लागला. रक्षक विशीतला तरुण. आपल्यावर आधी हात उचलला गेला, आपण स्वसंरक्षणार्थ मारलं, असं त्याचं म्हणणं. साक्षी एकमेकींशी जुळत नव्हत्या. ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. खटल्याच्या दिवसांत लोकांचा सूरही पालटला होता. हुक्स किती प्यायला होता, काय बोलला होता, त्याच्या घरच्या गोष्टी कशा होत्या, याची चर्चा चहाच्या टेबलावर. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, आधी रक्षक राक्षस होता, आता हुक्स झालाय.”

न्यायालयापुढे प्रश्न एवढाच असतो, की या माणसावर गुन्हा शाबित होतो का. त्याचं उत्तर आलं आणि ते मान्य करायला हवं. पण दाराबाहेर रस्त्यावर भांडण पोचलंच कसं, हा प्रश्न न्यायालयाचा नसतो. तो हॉटेलमालकाचा, परवाना देणाऱ्याचा, रक्षकाला शिकवणाऱ्याचा. आणि लोक तर तिसराच प्रश्न विचारत बसतात. प्यायला होता ना?

या प्रश्नाशी माझं जुनं नातं आहे. १९७८ साली मी मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात हाउसमन होतो. एका शनिवारी रात्री दीडच्या सुमाराला एका परमिट रूमची दोन माणसं एका तरुणाला टॅक्सीतून घेऊन आली. तो स्वतःच्या पायांनी आत आला. माझ्याशी बोललासुद्धा, काहीतरी शिवीगाळ केली. तोंडाला भपकारा. आणणारा म्हणाला, “डॉक्टर, जास्त झालीये, बाकी काही नाही.” कॅज्युअल्टी भरलेली होती. मी त्याला व्हरांड्यातल्या स्ट्रेचरवर झोपवलं. वॉर्डबॉयला सांगितलं, उतरली की घरी जाईल. त्याच्या केसांत हात घालून पाहिलं नाही. पडला होता का, हे विचारलं नाही. आणणारे दोघे तोवर गेले होते.

पहाटे पाचला सिस्टरनं हाक मारली. घोरत होता तो, पण ते घोरणं झोपेचं नव्हतं. एक बाहुली मोठी झाली होती. कानामागे टेंगूळ. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साठत गेलं की असं होतं. आधी माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, चालतो, आणि मग तासा-दोन तासांनी बुडत जातो. पुस्तकात हे मी पाठ केलेलं होतं. टेबलावर घेतलं, पण उशीर झाला होता. सकाळी त्याचे वडील आले. गिरणीतले. त्यांनी मला एकच विचारलं, “प्यायला होता का?” मी हो म्हणालो. ते मान खाली घालून निघून गेले, जणू आता तक्रार करायचा हक्कच उरला नाही. त्याला कुणी ढकललं, की तो आपसूक पडला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसांच्या कागदावर काय लिहिलं गेलं ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

पुन्हा मेलबर्नकडे वळतो. व्हिक्टोरिया राज्यात खासगी सुरक्षेचा नवा कायदा २००४ मध्ये झाला. तिथं या माणसाला बाउन्सर म्हणत नाहीत, कायद्यातला शब्द ‘गर्दी नियंत्रक’ अशा अर्थाचा आहे. नाव बदललं की काम बदलतं असं नाही, पण या नावात थोडी दिशा आहे. परवाना हवा, ओळखपत्र दिसेल असं लावायचं, कामावर कोण होतं आणि काय घडलं याची नोंदवही ठेवायची. मला या सगळ्यात नोंदवही महत्त्वाची वाटते. मुलीकडे गेलो होतो तेव्हा अशाच एका जागेवर काम करणाऱ्या पंजाबी मुलाशी गप्पा झाल्या. तो म्हणाला, “अंकल, ताकद लागतच नाही. हात उघडे ठेवायचे, दोन पावलं लांब उभं राहायचं, मित्राशी बोलायचं, प्यायलेल्याशी नाही. आणि तो बाहेर गेला की आपलं काम संपलं. मागे जायचं नाही.” कितीतरी प्रसंग त्या मागे जाण्यातच बिघडत असणार.

लोकांच्या रागातून कायदे कसे होतात हे सिडनीनं दाखवलं. किंग्ज क्रॉस हा तिथला रात्रीचा बाजार. २०१२ च्या जुलैमध्ये आणि नंतर २०१३ च्या वर्षअखेरीच्या रात्री तिथं अठरा-अठरा वर्षांच्या दोन मुलांना अनोळखी माणसांनी एकेक ठोसा मारला आणि दोघंही गेले. शहर हादरलं. आईबापांनी, वर्तमानपत्रांनी आवाज उठवला. तोवर अशा ठोशाला ‘किंग हिट’ म्हणत, म्हणजे राजाचा ठोसा! दुसऱ्या मुलाच्या घरच्यांनी सांगितलं, याला भेकडाचा ठोसा म्हणा. ते नाव रुजलं. २०१४ च्या आरंभी कायदा आला. नशेत एका ठोशानं मारलं तर किमान आठ वर्षं कैद. फेब्रुवारीपासून रात्री दीडनंतर नव्यानं आत प्रवेश नाही, तीननंतर दारू नाही.

आता गंमत बघा. गंमत म्हणणं बरं नाही, पण बघा. त्या दोन्ही मुलांवरचे हल्ले रात्री नऊ-दहाच्या सुमाराचे. दीडचा नियम तेव्हा असता तरी त्यांना वाचवू शकला नसता. तरी नियमाचा उपयोग झाला. पहिल्या सरकारी अभ्यासात किंग्ज क्रॉसमधल्या मारामाऱ्या ३२ टक्क्यांनी आणि शहराच्या मध्यभागात २६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. दुसरीकडे गाणीबजावणी करणारे, बारवाले, रात्री उशिरा काम सुटणारे म्हणू लागले, तुम्ही शहरच झोपवलंत. २०२० मध्ये मध्यभागातून आणि २०२१ मध्ये किंग्ज क्रॉसमधून नियम उठला. माझं मत विचाराल तर आकड्यांचं पारडं मला जड वाटतं. पण मी रात्री नऊला झोपणारा माणूस, माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

आपल्याकडे २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा आहे. त्याच्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचं शिक्षण सांगितलेलं आहे. पब, लग्नाचे हॉल, गणपतीतले मंडप, सगळीकडे काळे टी-शर्ट दिसतात. त्यातल्या किती जणांच्या वाट्याला हे तास येतात, हे एकदा कामावर ठेवणाऱ्यानं विचारावं. दंड बघून माणूस घेतला जातो.

आणि रस्त्यात, हॉटेलच्या दाराशी, कुणी पडलेला दिसला तर बसवू नका, पाणी पाजू नका. मान न हिसकता कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर श्वासात जाणार नाही. श्वासच चालत नसेल तर पाठीवर घेऊन छाती दाबायला लागा. हाक मारल्यावर डोळे उघडतो का, दर पाच-दहा मिनिटांनी पाहा. आधी बोलत होता आणि आता उठत नाही, परत परत उलट्या, एक बाहुली मोठी, यातलं काहीही असलं तर १०८ ला फोन करा. डॉक्टरला सांगताना तो पडला, कुठं आपटला, किती वाजता, हे आधी सांगा. किती प्यायला ते नंतर सांगितलं तरी चालेल.