आमच्या घरी वर्ष कसं मोजतात

 आमच्या घरी नमस्काराच्या जागी 'सलाम' म्हणतात. 

डिसेंबरच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी 'आमच्या घरचे सण' हा विषय दिला. मी लगेच हात वर केला. त्याचं कारण सांगते. गेल्या वर्षी नाताळ झाल्यावर मी डब्यात करंज्या आणल्या होत्या. तेव्हा वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "तुमचा देव इंग्रजांचा ना? मग करंज्या कशा काय?" सगळे हसले. माझ्या शेजारच्या मैत्रिणीने करंजी हातात घेतली, पण खाल्ली नाही. "घरी विचारून खाते," असं म्हणून तिने ती कागदात गुंडाळून दप्तरात ठेवली. पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर मी आज्जीला, पप्पांना आणि बाईंना विचारून माहिती गोळा केली. ती खाली देत आहे.

आम्ही ख्रिस्ती आहोत. घरी आज्जी, पप्पा, मम्मी, मी, पहिलीतली धाकटी बहीण आणि बाळ अशी सहा माणसं. बाळाचा जन्म १० सप्टेंबर २०२४ चा. आमच्या घरी एक जुनं मराठी बायबल आहे. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर आज्जीच्या सासऱ्यांपासून सगळ्यांचे जन्म आणि बाप्तिस्मे लिहिलेले आहेत. मम्मीने आता तिथे बाळाचं सगळं लिहायला सुरुवात केली आहे. पालथा कधी पडला, दात कधी आला, सगळं. प्रत्येक तारखेपुढे कुठला सण जवळ होता तेही लिहिते. म्हणजे आमच्या घरी वर्ष दोन गोष्टींनी मोजतात, सणांनी आणि बाळाच्या वाढण्याने.

नाताळ

नाताळ २५ डिसेंबरला असतो. तो येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण आहे. बायबलमध्ये जन्माची तारीख दिलेली नाही. रोम शहरात चौथ्या शतकात हा सण २५ डिसेंबरला पाळू लागले. येशूचा जन्म बेथलेहेम गावात झाला. हे गाव इंग्लंडमध्ये नाही. ते यरुशलेमजवळ, पॅलेस्टाईनमध्ये आहे. नकाशात बघितलं तर तो आपलाच आशिया खंड आहे. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचं घर' असा होतो. हे कळल्यावर मला फार आनंद झाला, कारण आपल्या सोलापूर जिल्ह्याची ओळख तर ज्वारीची भाकरीच. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

बाळ येशूला ठेवायला पाळणा नव्हता. मुक्कामाच्या ठिकाणी जागाच मिळाली नाही, म्हणून त्याच्या आईने त्याला गव्हाणीत निजवलं. गव्हाण म्हणजे काय हे आपल्या वर्गात कुणाला सांगावं लागत नाही. आपल्या सगळ्यांच्या गोठ्यात ती असते. शहरातल्या मुलांना मात्र चित्र काढून दाखवावं लागत असेल.

नाताळच्या आधी पप्पा चांदणी करतात. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या आम्ही टाकून देत नाही. त्याच कामट्या सोडून पाच टोकांची चांदणी बांधतात आणि त्यावर पतंगी कागद लावतात. म्हणजे एकाच कामट्या दोन सणांना चालतात. करंज्या, शंकरपाळे, चिवडा हा फराळ घरी होतो. केक तेवढा बेकरीतून येतो. रात्री गाणी म्हणत घरोघर जातात. गाणी मराठी असतात आणि साथीला ढोलकी, टाळ आणि पेटी असते. गेल्या नाताळला बाळ साडेतीन महिन्यांचं होतं. मम्मीने पानावर लिहिलं आहे, "नाताळ. चांदणीकडे बघून मोठ्याने हसला."

उपासाचे दिवस आणि पहिला दात

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपासाचा काळ असतो. मधले रविवार सोडून ४० दिवस मोजतात. येशूने रानात ४० दिवस उपास केला, त्याची ही आठवण. आमच्या घरी या दिवसांत मटण आणत नाहीत. आज्जी रोज भाकरीचं पीठ मळण्याआधी मूठभर ज्वारी एका डब्यात बाजूला टाकते. शेवटी डबा भरला की ती ज्वारी गरजू माणसाला देतात. मी विचारलं, "एक मूठ काढून काय होतं?" आज्जी म्हणाली, "आपलं काही कमी होत नाही. पण दुसऱ्याचं पोट रोज ध्यानात राहतं."

२०२५ साली राखेचा बुधवार ५ मार्चला होता. त्याच आठवड्यात बाळाला पहिला दात आला. वाटीला चमचा लागावा तसा टक असा आवाज झाला म्हणून कळलं. बाळाला सहा महिने होईपर्यंत फक्त आईचं दूध पाजायचं आणि मग वरचं अन्न सुरू करायचं, असं अंगणवाडीच्या ताई सांगतात. लहानपणी एकूण २० दुधाचे दात येतात. माझे आठ पडले आहेत आणि बाळाचे यायला लागले आहेत, असा आमचा हिशेब चालू आहे.

ईस्टर कधी येतो?

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. याचं गणित सोपं आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्येच येतो. ही पौर्णिमा कधी होळीची असते, तर कधी हनुमान जयंतीची. २०२४ साली होळी झाल्यावर पुढच्या रविवारी, ३१ मार्चला ईस्टर आला. २०२५ साली हनुमान जयंती १२ एप्रिलला झाली आणि ईस्टर २० एप्रिलला आला. गावात मारुतीच्या देवळापुढे मांडव पडला की आज्जी म्हणते, "आता आपला सण जवळ आला."

ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. येशू यरुशलेमला आला तेव्हा लोकांनी झाडांच्या डहाळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं. आम्ही ओढ्याकाठच्या शिंदीची पानं नेतो. बाळ तेव्हा नुकतंच आधाराशिवाय बसायला लागलं होतं. त्याने पान हातात धरलं आणि चावून टाकलं. त्यानंतर येतो उत्तम शुक्रवार. त्या दिवशी येशूला वधस्तंभावर मारलं. त्या दिवशी कुणी कुणाला शुभेच्छा देत नाही. बरेच जण पांढरे कपडे घालतात आणि दुपारी १२ ते ३ उपासना असते. रविवारी तो पुन्हा जिवंत झाला असा आमचा विश्वास आहे, म्हणून ईस्टर आनंदाचा.

बाळाचा बाप्तिस्मा

बाळाचं बारसं घरी झालं होतं. आज्जीने पाळणा म्हटला, शेजारच्या बायका आल्या आणि घुगऱ्या वाटल्या. बाप्तिस्मा मात्र ईस्टरच्या दिवशी सोलापूरच्या चर्चमध्ये झाला. आम्ही पहाटेच्या एस.टी.ने गेलो. बाप्तिस्मा म्हणजे काय, तर पाळकसाहेब बाळाचं नाव घेऊन पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याच्या डोक्यावर तीन वेळा पाणी घालतात. आई-वडील त्याला चांगल्या मार्गाने वाढवू असं वचन देतात. काही मंडळ्यांत लहान बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. तिथे मूल मोठं होऊन स्वतः ठरवतं आणि पाण्यात पूर्ण बुडी घेतं. मला वाटलं होतं की ते पाणी काही खास असेल. पण पप्पांनी सांगितलं, ते साधंच पाणी. पहिल्यांदा पाणी पडलं तेव्हा बाळ गप्प होतं. दुसऱ्यांदा त्याने तोंड वाकडं केलं. तिसऱ्यांदा एवढं रडलं की पुढची प्रार्थना कुणाला ऐकू आली नाही.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर जूनमध्ये गोवर-रुबेलाची लस झाली. त्या पानावर लसही लिहिलेली आहे. मी म्हटलं, "हा काय सण आहे का?" मम्मी म्हणाली, "माझ्यासाठी आहे. आज्जीच्या एका लेकराला गोवरानेच नेलं होतं." पानावर वर एक नाव आहे, त्याच्यापुढे दोन तारखा आहेत आणि दोन्ही एकाच वर्षातल्या आहेत. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं.

देव इंग्रजांचा का?

आता त्या प्रश्नाचं उत्तर. फादर स्टीफन्स नावाचे एक धर्मगुरू गोव्यात राहत होते. ते जन्माने इंग्रज होते, पण त्यांनी ओव्या रचल्या त्या मराठीत. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. तेव्हा आपल्याकडे इंग्रजांचं राज्य नव्हतं. शिवाजी महाराजांचा जन्मही त्यानंतर १४ वर्षांनी झाला.

दुसरं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचं. ते मोठे मराठी कवी. त्यांचा जन्म १८६१ सालचा. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांनी पुष्कळ भजनं आणि अभंग लिहिले आणि ते आम्ही अजून म्हणतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना ही गोष्ट तेव्हा मुळीच पटली नव्हती. त्यांचा मुलगा दत्तू लहान होता. त्याला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या. काही काळ त्या आपल्या जिल्ह्यातच, पंढरपूरला होत्या. पुढे त्या टिळकांकडे आल्या तरी सोवळं पाळायच्या, दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. मग एके दिवशी राहुरीला त्यांच्या मनात आलं की माणूस देवाने केला, पण जाती माणसाने केल्या. त्या दिवसापासून त्यांनी सगळ्यांच्या हातचं खायचं ठरवलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात स्वतः लिहिलं आहे. आज्जीने मला हे सांगितलं तेव्हा मला दप्तरातली करंजी आठवली. एवढ्या मोठ्या बाईलाही ठरवायला वेळ लागला. मग माझी मैत्रीण तर तेव्हा तिसरीत होती.

बाळाचं पहिलं पाऊल

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मैत्रिणीच्या ओसरीवर खेळत होतो. बाळ खांबाला धरून उभं होतं. तिची आजी चुलीपाशी भाकरी करत होती. बाळाने खांब सोडला आणि एक, दोन, तीन पावलं टाकून तिच्या पदराला धरलं. आम्ही दोघी ओरडलो, "चाललं! चाललं!" आजीने गरम भाकरीचा पापुद्रा काढला, फुंकून गार केला आणि बाळाच्या तोंडात घातला. म्हणाली, "लेकराला भूक लागलीया. चालायला काय कमी जोर लागतो व्हय?" बाळाने भाकरी खाल्ली. त्याने घरी विचारलं नाही.

मैत्रीण माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. आम्ही काही बोललो नाही. मम्मीने त्या रात्री पानावर लिहिलं, "दिवाळी. शेजारच्या आजींच्या ओसरीवर पहिलं पाऊल." आमच्या बायबलच्या पानावर दुसऱ्या कुणाच्या घराचं नाव लिहिलेलं हे पहिलंच.

तर मित्रांनो, आमच्या घरचे सण हे असे आहेत. देवाचं नाव वेगळं आणि प्रार्थना वेगळी. पण गव्हाण, ज्वारी, पौर्णिमा, कामट्या आणि बाळाचे दात हे सगळं तुमच्या-आमच्या घरी सारखंच आहे.

२५ तारखेला शाळेला सुट्टी आहे. त्या दिवशी ज्यांना यायचं असेल त्यांनी आमच्या घरी चांदणी बघायला यावं. पालकांनीही यावं. ज्यांना येता येणार नाही त्यांच्यासाठी मी २६ तारखेला डब्यात करंज्या आणीन. ज्यांना घरी विचारायचं आहे त्यांनी कृपा करून आधीच विचारून यावं. कारण करंजी दप्तरात ठेवली की तिचा चुरा होतो.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी