एक तिकीट, दोन वह्या

सकाळी ९
एडिसनच्या ओक ट्री रोडवरचं माझं विम्याचं ऑफिस उघडतोय तोच फोन. "काका, तिकीट मिळालं. चाळीसच्या रस्त्यावर अठ्ठावन्न." अठरा मैल जास्त, म्हणजे न्यू जर्सीत लायसन्सवर चार पॉइंट. चौदापर्यंत असता तर दोनांत भागलं असतं. पोरगा ऑनलाइन पैसे भरून मोकळा होणार होता. म्हटलं, "थांब. पैसे भरले म्हणजे गुन्हा कबूल. आधी वकिलाशी बोल."

११
वहिनी मुलाला घेऊन आल्या. पुढच्या गाडीला खेटून चालवली, पाच पॉइंट. पॉलिसी घरची एकच, तेव्हा त्याची घाई आईवडिलांच्या प्रीमियममध्ये उतरणार. हे ऐकून मुलगा पहिल्यांदाच मोबाइलमधून मान वर करतो.

दुपारी १.३०
डबा उघडा आणि स्क्रीनवर एका गिऱ्हाइकाच्या लायसन्सचा उतारा. गावी सातबारा वाचायचो, तसाच वाचतो. तारीख, कलम, पॉइंट. वर्षभर तिकीट नाही म्हणून तीन वजा, डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला म्हणून दोन वजा. शिल्लक शून्य. तिकिटाची ओळ मात्र जागच्या जागी. मोटर व्हेइकल कमिशन शिल्लक बघतं, विमा कंपनी ओळ वाचते. वह्या दोन, हे समजावण्यातच माझा अर्धा दिवस जातो. कोर्सवर विम्यात तीन वर्षं सवलत मिळते, तेवढीच गोड बातमी.

३.३०
"प्रीमियम भरलाय ना, मग हे पत्र कसलं?" कमिशनच्या सरचार्जचं. तीन वर्षांत आठ पॉइंट : सहाचे १५० डॉलर, वरच्या दोनांचे पंचवीस-पंचवीस, एकूण २००. कोर्टाचा दंड वेगळाच. बारा झाले की लायसन्स निलंबित. त्याच्या आठांतले शेवटचे दोन कशाचे? स्टॉपच्या पाटीशी गाडी नुसती हळू केली, थांबवली नाही.

५
सकाळचा पोरगा पुन्हा. वकील म्हणतोय, तडजोडीत 'असुरक्षित वाहनचालना'वर आणू : पॉइंट शून्य, पण दंडावर २५० डॉलर जादा. "कायद्याचं तो बघेल. पण ही सोय दोनदाच. पाच वर्षांच्या आत तिसऱ्यांदा गेलास तर चार पॉइंट."

६.४५
घराजवळची स्टॉपची पाटी. चौक मोकळा. चाकं पुरती थांबवतो. मागचा हॉर्न वाजवतो.

वाजव बाबा. उतारा माझा आहे.